व्हिडिओ कॉल येतो, पण फोन वाजत नाही: कोल्हापुरातल्या घराघरांतून वारंवार येणारे प्रश्न

२०२२ च्या गणपतीत माझ्या आईनं उत्तरेश्वर पेठेतल्या घरी आरतीच्या पाटाशेजारी स्टीलच्या डब्याला टेकवून फोन उभा केला होता. भाऊ टोरांटोला असतो. तिकडे सकाळचे साडेदहा, इकडे रात्रीचे आठ. तो व्हिडिओ कॉल करणार आणि घरचा गणपती बघणार, असं ठरलेलं. आम्ही वाट बघितली, शेवटी आरती उरकली. प्रसाद वाटून झाल्यावर आईनं फोन हातात घेऊन व्हॉट्सॲप उघडलं, तर चार मिस्ड कॉल एकदमच येऊन पडले. भावाला वाटलं होतं, गडबडीत आम्ही त्याला विसरलो. आईला वाटलं होतं, तोच विसरला. दोन दिवस दोघंही गप्प गप्प. आणि फोनमध्ये बिघाड असा काहीच नव्हता. बॅटरी वाचवायच्या एका सेटिंगनं व्हॉट्सॲपला झोपवून ठेवलं होतं.

तेव्हापासून मी नात्यातल्या, गल्लीतल्या आणि त्यांच्या ओळखीतल्या लोकांचे फोन बघून देते. बहुतेक घरांतली लेकरं बाहेर आहेत: पुणे, बंगळूर, दुबई, जर्मनी. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं इथं लिहून ठेवते आहे. उदाहरणं व्हॉट्सॲपची घेतली आहेत, कारण आपल्याकडे व्हिडिओ कॉल म्हटलं की तेच डोळ्यांसमोर येतं. गूगल मीट किंवा दुसरं ॲप असेल तरी बहुतेक गोष्टी तशाच लागू होतात.

साधा फोन व्यवस्थित येतो. व्हिडिओ कॉलच तेवढा वाजत नाही. असं कसं?

दोन्ही कॉल वेगवेगळ्या वाटेनं येतात. साधा कॉल टॉवरवरून थेट तुमच्या सिमपर्यंत येतो, त्यासाठी नेट लागत नाही आणि कुठलं ॲप जागं असावं लागत नाही. व्हिडिओ कॉल इंटरनेटवरून येतो.

ज्यांनी पीपी नंबरचा काळ बघितला आहे त्यांना हे लगेच कळेल. घरी फोन नसायचा, कोपऱ्यावरच्या दुकानाचा नंबर आपण सगळ्यांना देऊन ठेवायचो. फोन आला की दुकानातलं पोरगं पळत यायचं, "काकू, फोन आलाय" म्हणून ओरडायचं, मग आपण जायचो. व्हिडिओ कॉलचं अगदी तसंच चालतं. मुलीनं कॉल लावला की तो आधी व्हॉट्सॲपच्या सर्व्हरला जातो. तिथून गूगलच्या निरोप पोचवणाऱ्या सेवेकडे, आणि आयफोन असेल तर ॲपलच्या. ती सेवा तुमच्या फोनला निरोप देते, फोन व्हॉट्सॲपला उठवतो, मग व्हॉट्सॲप रिंग वाजवतं. यातली एक कडी जरी निसटली तरी मुलीला वाटतं आई फोन उचलत नाही, आणि इकडे फोन चूप.

म्हणून "साधा फोन येतो, म्हणजे फोन ठीक आहे" या एका गोष्टीवर थांबू नका. सिम ठीक आहे एवढंच त्यावरून कळतं.

नेमकं कुठं अडतंय, हे दुकानात न जाता कसं ओळखायचं?

कॉल करणाऱ्याला विचारा. माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो, आणि यात निम्मं काम होतं.

व्हॉट्सॲपवर कॉल लावला की करणाऱ्याच्या स्क्रीनवर आधी 'कॉलिंग' दिसतं. निरोप समोरच्या फोनपर्यंत पोचला की तिथंच 'रिंगिंग' दिसायला लागतं. लोक हा फरक कधी बघतच नाहीत.

शेवटपर्यंत 'कॉलिंग'च राहिलं, तर निरोप तुमच्या फोनपर्यंत आलाच नाही. मग आवाज, रिंगटोन यांच्या मागं लागण्यात अर्थ नाही. नेट बंद आहे, रेंज नाही, फोन बंद आहे किंवा बॅटरीच्या सेटिंगनं ॲप झोपवलंय, यातलं काहीतरी आहे. 'रिंगिंग' आलं आणि तरीही तुम्हाला काही ऐकू आलं नाही, तर निरोप घरापर्यंत आला, घरात वाजला नाही. तिथं आवाज, डू नॉट डिस्टर्ब (फोन गप्प ठेवणारं सेटिंग), नोटिफिकेशन आणि ब्लूटूथ बघायचं.

मेसेजच्या खुणांवरूनही कळतं. मुलीनं पाठवलेल्या मेसेजला तिच्याकडे तासन्‌तास एकच खूण असेल आणि तुम्ही व्हॉट्सॲप उघडताच दोन खुणा होत असतील, तर ॲप मागं झोपलेलं आहे हे नक्की समजा.

फोन हातात घेऊन व्हॉट्सॲप उघडलं की मगच मिस्ड कॉल दिसतात. हे बंद कसं करायचं?

मी बघितलेल्या फोनांमध्ये सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण हेच, त्यामुळं इथं जरा सविस्तर लिहिते.

२०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ६ पासून फोनला एक सवय लावलेली आहे. स्क्रीन बंद, चार्जर काढलेला आणि फोन बराच वेळ एका जागी पडून असला की तो गाढ झोपेत जातो आणि ॲपना नेट वापरू देत नाही. कॉलसारख्या तातडीच्या निरोपाला या झोपेतूनही वाट ठेवलेली आहे, त्यामुळं एवढ्यानं कॉल चुकायला नकोत. अडचण पुढं आहे. बॅटरी दोन दिवस चालावी म्हणून अनेक फोन कंपन्यांनी यावर स्वतःचं आणखी कडक कुलूप घातलंय. वापर कमी दिसला की ते ॲप पूर्णच बंद करून टाकतात.

आता बघा, हे कुणाच्या वाट्याला जास्त येतं. दिवसभर फोन हातात असणाऱ्या पोराचं व्हॉट्सॲप कधी झोपतच नाही. जी आई दिवसातून दोनदा फोन उघडते, तिचंच झोपतं. म्हणजे जिला कॉलची सगळ्यात जास्त वाट असते, तिचाच फोन गप्प राहतो. हे मला अजूनही फार लागतं.

सेटिंग असं करा. सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात व्हॉट्सॲप, त्यात बॅटरी. तिथं 'अनरिस्ट्रिक्टेड' किंवा 'नो रिस्ट्रिक्शन्स' निवडा. फोन मराठीत असेल तर 'अप्रतिबंधित' किंवा 'निर्बंध नाहीत' अशा अर्थाचा शब्द दिसेल. बॅटरी सेव्हर कायमचा चालू करून ठेवला असेल तर तोही काढा.

यापुढचं कंपनीप्रमाणे बदलतं. सॅमसंगमध्ये बॅटरीच्या पानावर 'बॅकग्राउंड यूसेज लिमिट्स' आहे. त्यातल्या 'स्लीपिंग' आणि 'डीप स्लीपिंग' या याद्यांमधून व्हॉट्सॲप काढा आणि 'नेव्हर स्लीपिंग'मध्ये घाला. रेडमी आणि पोकोमध्ये 'ऑटोस्टार्ट' चालू करा, ते बंद असेल तर बाकी काहीही केलं तरी उपयोग होत नाही. विवोमध्येही ऑटोस्टार्ट आहे, शिवाय बॅटरीमध्ये पार्श्वभूमीला जास्त वीज वापरू द्यायची परवानगी वेगळी द्यावी लागते. ओप्पो, रिअलमी आणि वनप्लसमध्ये 'अलाऊ ऑटो लाँच' आणि 'अलाऊ बॅकग्राउंड ॲक्टिव्हिटी' ही दोन बटणं शोधा. अपडेट झाल्यावर मेनूतली नावं थोडी इकडं तिकडं होतात. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत 'ऑटो' किंवा 'बॅटरी' लिहा, येतं.

सेटिंग केलं. झालं की नाही, कसं तपासायचं?

घाई करू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मग चाचणी घ्या, नाहीतर कशानं दुरुस्त झालं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

चाचणीची रीतही महत्त्वाची. फोनचा चार्जर काढा, स्क्रीन बंद करा, फोन कपाटावर किंवा टेबलावर ठेवून द्या आणि तासभर हात लावू नका. मग शेजारच्या कुणाला तरी व्हिडिओ कॉल करायला सांगा. चार्जिंगला लावलेला फोन गाढ झोपेत जात नाही. म्हणूनच दुरुस्तीच्या काउंटरवर वायर लावून केलेल्या चाचणीत कॉल झकास वाजतो, आणि घरी आल्यावर रात्री पुन्हा मिस्ड. आमच्या शेजारच्या काकांनी याच कारणानं तीन फेऱ्या मारल्या होत्या.

मी रोज चौकोनाचं बटण दाबून सगळी ॲप उडवून टाकते, फोन हलका राहतो म्हणून. त्यानं काही होतं का?

हो. काही फोनमध्ये असं उडवलेलं ॲप पूर्ण बंद होतं आणि तुम्ही स्वतः उघडेपर्यंत त्याला निरोप येत नाही. फोन हलकाही होत नाही, उलट पुढच्या वेळी ॲप नव्यानं उघडायला जास्त बॅटरी जाते. सवय मोडवत नसेल तर निदान त्या यादीत व्हॉट्सॲप थोडा वेळ दाबून धरा, कुलपाची खूण आली की ती दाबा. कुलूप लावलेलं ॲप 'सगळं साफ करा' म्हटलं तरी तिथंच राहतं.

'फोर्स स्टॉप' मात्र कधीच करू नका. ते केलं की आपण हातानं उघडल्याशिवाय ॲपला एकही निरोप पोचत नाही. 'क्लीनर', 'बूस्टर', 'रॅम वाढवा' असल्या नावांची ॲप हेच काम आपोआप करत असतात. दिसली की काढून टाका.

डेटा संपेल म्हणून मी नेट बंद करून ठेवतो. गरजेला चालू करतो. चालेल ना?

काका, मग कॉल येणार कसा? नेट बंद म्हणजे पीपी नंबरच्या दुकानाचं शटर खाली. नुसती वाट बघायला फार थोडा डेटा लागतो, खरा डेटा जातो तो व्हिडिओ बघताना आणि स्टेटस चाळताना. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आहे, तिथं फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. बचत खरी तिथं होते, मग नेट दिवसभर चालू ठेवलं तरी चालतं.

फोनमध्ये 'डेटा सेव्हर' चालू असेल तर व्हॉट्सॲपला त्यातून सूट द्या.

आणि एक. रोजचा ठरलेला डेटा संपला की बहुतेक कंपन्या वेग ६४ केबीपीएसवर आणतात. तेवढ्यावर रिंग कशीबशी येते, पण उचलल्यावर चेहरा दिसत नाही किंवा चित्र गोठून बसतं. संध्याकाळी नेहमी असं होत असेल, तर दुपारी नातवंडांनी तुमच्या हॉटस्पॉटवर काय काय बघितलं ते एकदा विचारा.

मुलगी म्हणते 'रिंगिंग' दिसतं. माझ्याकडे आवाजच नाही.

आधी बाजूचं आवाजाचं बटण. रिंगचा आवाज आणि गाण्याचा आवाज वेगवेगळे असतात. गाणी मोठ्यानं वाजतात म्हणून रिंगही मोठी असेल असं धरू नका. बटण दाबल्यावर स्क्रीनवर जी पट्टी येते, तिच्यातल्या तीन ठिपक्यांतून सगळे आवाज एकत्र बघता येतात.

मग डू नॉट डिस्टर्ब. वरून पट्टी खाली ओढताना बोट लागून ते चालू होतं, आणि आठवडाभर कुणाच्या लक्षात येत नाही. काही फोनमध्ये रात्री दहा ते सकाळी सहा असं झोपेचं वेळापत्रक आधीच लावलेलं असतं. लेक अमेरिकेत असेल तर तिच्या दुपारच्या सुट्टीतला कॉल नेमका त्याच वेळात येतो. डू नॉट डिस्टर्बमध्ये ठरावीक माणसांना सूट देता येते, पण ती साध्या फोनपुरतीच लागू होऊ शकते. म्हणून ॲप्सच्या यादीत व्हॉट्सॲपला वेगळी सूट द्या.

तिसरं, परवानगी. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून ॲप नव्यानं टाकलं की ते नोटिफिकेशनची परवानगी मागतं. घाईत 'नको' दाबलं की कॉलही गप्प. सेटिंग्ज, ॲप्स, व्हॉट्सॲप, नोटिफिकेशन्स इथं जाऊन मुख्य बटण चालू आहे ना ते बघा. खाली कॉलचं वेगळं बटण असतं, ते 'सायलेंट'वर नसावं. व्हॉट्सॲपच्या आतल्या नोटिफिकेशनच्या पानावरही कॉलची रिंगटोन असते, तिथं 'नन', म्हणजे 'काहीच नाही', नको.

एवढं करूनही शांतता असेल तर ब्लूटूथ बंद करून बघा. नातवाचा नेकबँड किंवा माजघरातला स्पीकर जोडलेला राहतो आणि आवाज तिकडं जातो. वायरचा इअरफोन काढल्यावरही वर हेडफोनची खूण दिसत असेल, तर भोकात ओल किंवा कचरा आहे. पावसाळ्यात हे फार होतं. फोन बंद करून कोरड्या, मऊ ब्रशनं हलक्या हातानं साफ करा. सुई घालू नका.

आवाज येतो, पण स्क्रीन काळीच राहते. हिरवं बटण कुठं दाबायचं ते सापडेपर्यंत कॉल कटतो.

वयस्कर माणसांची यात फार धांदल उडते. २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून पूर्ण स्क्रीनवर येण्याची परवानगी वेगळी झाली आहे. सेटिंग्ज, ॲप्स, 'स्पेशल ॲप ॲक्सेस' आणि त्यात 'फुल स्क्रीन नोटिफिकेशन्स' उघडा, व्हॉट्सॲप चालू करा. रेडमी आणि पोकोमध्ये व्हॉट्सॲपच्या 'अदर परमिशन्स'मध्ये 'शो ऑन लॉक स्क्रीन' आणि मागं चालू असताना पॉप-अप दाखवण्याची परवानगी, या दोन्ही द्या.

मग आईला बसवून दोन-चार वेळा कॉल करून दाखवा. बऱ्याच फोनमध्ये बटण दाबून उपयोग नसतो, वर सरकवावं लागतं. समोर बसून हाताला सवय होऊ द्या.

सकाळी उठल्यावर बघते तर रात्रीचे सगळे कॉल मिस्ड. आदल्या दिवशी तर सगळं ठीक होतं.

रात्रीत अपडेट होऊन फोन आपोआप बंद होऊन चालू झाला असेल. चालू झाल्यावर पहिल्यांदा पिन किंवा पॅटर्न टाकेपर्यंत बरीचशी ॲप जागी होत नाहीत, व्हॉट्सॲपही नाही. साधा फोन तेवढा येतो. बॅटरी संपून बंद पडलेला फोन चार्जिंगला लावल्यावरही असंच होतं: चालू केला, पण कुलूप एकदा उघडलंच नाही. उठल्या उठल्या एकदा पिन टाकायचा, एवढी सवय लावून घ्या.

दोन सिम आहेत. एकावर बोलत असलो की दुसऱ्यावरचं नेट जातं का?

बहुतेक फोनमध्ये जातं. दोन सिमच्या साध्या फोनला एका वेळी एकाच सिमचं काम करता येतं. डेटा एका सिमवर आणि बोलणं दुसऱ्यावर असेल, तर बोलणं संपेपर्यंत व्हिडिओ कॉलचा निरोप अडकतो. सिमच्या सेटिंगमध्ये 'डेटा ड्युरिंग कॉल्स' असेल तर चालू करा, म्हणजे तेवढ्या वेळापुरतं नेट बोलणाऱ्या सिमवरून घेतलं जातं. त्या सिमला डेटाचा रिचार्ज मात्र हवा. व्होल्टीई, म्हणजे फोर-जीवरून साधा कॉल करायची सोय, बंद असेल तर एकाच सिमवरही हीच अडचण येते. ते चालू ठेवा.

मुलगा दुबईत आहे. त्याचा एकही व्हिडिओ कॉल लागत नाही.

यात तुमच्या फोनचा काही दोष नाही. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे व्हॉइस आणि व्हिडिओ कॉल अडवलेले आहेत, मेसेज आणि फोटो चालतात. तिथं परवानगी असलेलं बोटिमसारखं ॲप लोक वापरतात. ते तुमच्याही फोनवर टाकावं लागतं, आणि बॅटरी, ऑटोस्टार्ट, नोटिफिकेशन ही वरची सगळी सेटिंग त्या ॲपलाही करावी लागतात. लोक नेमकं हे विसरतात आणि म्हणतात, नवीन ॲपही वाजत नाही. व्हीपीएन लावून पळवाट काढ, असं मुलाला सांगू नका. त्याच्या गैरवापराला तिथल्या कायद्यात जबर दंड आहे.

बाकी सगळ्यांचे कॉल वाजतात, एका मुलाचाच वाजत नाही.

त्याच्या नावावर जाऊन बघा. त्याच्यासाठी वेगळी रिंगटोन लावायची सोय असते, ती चुकून 'नन' झालेली असते. चुकून ब्लॉक झालाय का तेही बघा. त्यानं नवा नंबर घेतला असेल आणि तुम्ही तो सेव्ह केला नसेल, तर पुढचा प्रश्न वाचा.

अनोळखी नंबर गप्प ठेवायचं सेटिंग चालू करावं का?

जरूर करा. २०२३ पासून व्हॉट्सॲपमध्ये 'सायलेन्स अननोन कॉलर्स' आहे: सेटिंग्ज, प्रायव्हसी, कॉल्स. अनोळखी कॉल वाजत नाहीत, पण यादीत दिसतात. घरातल्या प्रत्येकाचा सध्याचा नंबर मात्र सेव्ह हवा. परदेशी नंबर देशाच्या कोडसकट घाला, नाहीतर स्वतःचा मुलगाच अनोळखी ठरतो.

हे सेटिंग मी सगळ्या ज्येष्ठांना आग्रहानं लावायला सांगते. भामटे पोलीस, सीबीआय किंवा कस्टमचा अधिकारी म्हणून गणवेशात व्हिडिओ कॉलवर येतात, "तुम्हाला डिजिटल अटक केली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाला सांगायचं नाही" असं धमकावतात आणि आयुष्यभराची पुंजी काढून घेतात. अशी अटक कुठल्याही कायद्यात नाही. कॉल कट करा, लगेच घरच्यांना सांगा. पैसे गेले असतील तर एक मिनिट न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी पुढं जाणारी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. अनोळखी मिस्ड व्हिडिओ कॉल दिसला तर उलट कॉल करू नका.

घरात वायफाय आहे, तरी कॉल चुकतात.

वळवाचा पाऊस आला, लाइट गेली की राउटर बंद. त्या वेळी मोबाईल डेटा चालू असेल तर फोन आपोआप त्यावर जातो. वायफाय आहे म्हणून डेटा बंद ठेवला असेल तर फोन अधांतरी. दोन्ही चालू ठेवा. राउटर चालू आहे पण त्याच्या पुढं नेटच नाही, असंही होतं, तेव्हा वायफायच्या खुणेवर छोटं उद्गारचिन्ह दिसतं.

आम्ही गगनबावड्याकडे राहतो. रेंज येते-जाते. काही उपाय?

डोंगराच्या कुशीतल्या गावांना, मग ते गगनबावड्यात असो, राधानगरीत असो की शाहूवाडीत, सेटिंगनं रेंज देता येत नाही. घरात रेंज येणारी एक जागा शोधा, बहुधा एखादी खिडकी किंवा माळ्याचा जिना असतो, आणि फोन कायम तिथंच ठेवा. खिशात किंवा उशीखाली नको. कॉलची वेळ ठरवा, आणि त्याआधी मुलानं साधा मिस्ड कॉल द्यावा. साध्या कॉलला कमी रेंज पुरते. मिस्ड कॉल आला की व्हॉट्सॲप उघडून बसायचं. जुनी युक्ती आहे, पण हिच्याइतकं भरवशाचं काही मला सापडलेलं नाही.

पुराच्या दिवसांचं वेगळं सांगते. २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी बघितलेत त्यांना ठाऊक आहे, वीज गेली की टॉवर थोड्या वेळानं मान टाकतात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की बाहेरगावच्या मुलांना सांगून ठेवा: आता व्हिडिओ कॉल नको, दिवसातून दोन वेळा एसएमएस. ४३ फुटांची धोका पातळी येईपर्यंत थांबू नका. एसएमएसला नेट लागत नाही आणि बॅटरीही वाचते. कॉल लागला नाही म्हणून लेकरं परगावी रात्रभर जागी राहतात. आधी ठरवलेलं असलं तर जीवाला तेवढा घोर लागत नाही.

फोन जुना आहे, म्हणून असेल का?

जागा भरली असेल तर नक्की. सुप्रभातची चित्रं आणि देवदर्शनाचे व्हिडिओ साठून फोन गच्च झाला की व्हॉट्सॲपला नवीन काही घेता येत नाही. एक-दोन जीबी मोकळी ठेवा. तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक'वर ठेवा, ती चुकली तरी व्हॉट्सॲप जोडलं जात नाही.

आयफोनवरही असं होतं का?

बॅटरीमुळं झोपण्याचा त्रास फारसा नाही. तिथं तीन गोष्टी बघा: बाजूची सायलेंटची कळ किंवा बटण, 'फोकस' (आयफोनचं डू नॉट डिस्टर्बसारखं सेटिंग) आणि नोटिफिकेशनची परवानगी. फोकस एका उपकरणावर लावला की त्याच ॲपल खात्याच्या बाकी उपकरणांवरही लागू होतो. म्हणजे मुलानं ऑफिसात आयपॅडवर लावला आणि खातं एकच असेल, तर आईचा फोनही गप्प.

फॅमिली ग्रुपवर सगळे बोलत होते, मला कॉलच आला नाही.

ग्रुपमध्ये 'व्हॉइस चॅट' सुरू केलं तर फोन वाजत नाही, ग्रुपमध्ये नुसती सूचना दिसते आणि ज्याला हवं तो आत जातो. सगळ्यांचे फोन वाजायला हवे असतील तर कॅमेऱ्याच्या खुणेवरून ग्रुप कॉल करायला सांगा. तुम्हाला कुणी वगळलेलं नाही.

आई कोल्हापुरात एकटी, मी पुण्यात. तिच्या फोनची सेटिंग लांबून कशी करू?

कॉल आईला करायला सांगा. येणारा कॉल वाजत नसला तरी जाणारा लागतो. व्हिडिओ कॉल जोडला की तिला 'स्क्रीन शेअर'ची खूण दाबायला सांगा. २०२३ पासून ही सोय आहे. मग तिची स्क्रीन तुम्हाला दिसते आणि "आई, खालचं तिसरं, हिरव्या खुणेचं, ते दाब" असं एकेक सांगता येतं. त्या वेळी बँकेचं ॲप, पिन, ओटीपी काहीही उघडू देऊ नका. आणि तिला बजावून ठेवा, स्क्रीन शेअर फक्त पोटच्या पोराबरोबर. दुसऱ्या कुणी मागितलं तर फोन ठेवायचा.

आवाज चढवू नका. तिनं चुकीचं बटण दाबलं तर पुन्हा पहिल्यापासून सांगा. आपल्याला अक्षर गिरवायला शिकवताना तिनंही तेच केलं होतं.

सगळं करून झालं. तरी वाजत नाही.

फोन एकदा बंद करून चालू करा आणि पिन टाका. प्ले स्टोअरमधून व्हॉट्सॲप अपडेट करा. 'गूगल प्ले सर्व्हिसेस' कुणी बंद केलेलं नाही ना ते बघा, निरोप तिथूनच येतात. मग चॅटचा बॅकअप घ्या, ज्या सिमवर व्हॉट्सॲप आहे ते फोनमध्येच आहे याची खात्री करा, आणि व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाका. टाकताना ते जी परवानगी मागेल ती देत चला, आणि बॅटरी, ऑटोस्टार्टची सेटिंग पुन्हा करा, कारण ॲप काढलं की तीही पुसली जातात.

एवढ्यावरही नाही झालं तर दुरुस्तीला न्या. पण 'फोन पूर्ण फॉरमॅट करू का' असं विचारलं तर फोटोंचा बॅकअप झाल्याशिवाय हो म्हणू नका. पिन कागदावर लिहून देऊ नका, समोर उभं राहून स्वतः टाका. आणि तिथंच, वायर काढायला लावून, स्क्रीन बंद करून, थोडा वेळ थांबून एक कॉल लावून बघा.